गळ्यातली साधी गाठ आणि सुईचा उपचार: आधी, त्या दिवशी आणि नंतर काय करायचं

आई पाणी प्यायली की तिच्या गळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी वर-खाली होतं, हे पहिल्यांदा माझ्या मावशीच्या लक्षात आलं. घोट गिळताना हलणारी गाठ बहुतेक वेळा थायरॉइडची असते. सोनोग्राफी केली, तर 4 सेंमीची गाठ निघाली. एका सर्जननी थायरॉइडचा अर्धा भाग काढून टाकायला सांगितलं. दुसरे डॉक्टर म्हणाले, नुसतं लक्ष ठेवा. तिसऱ्या ठिकाणी कळलं, की गळा न कापता सुई घालून गाठ आतल्या आत जाळता येते. हे तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात, हे उमगायला आम्हांला चार महिने लागले. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. आईच्या प्रत्येक भेटीत वही उघडून बसणारी तिची मुलगी आहे, आणि वहीतलं जे पुढे पडताळून पाहता आलं तेवढंच इथे घेतलं आहे.

या उपचारात सुई गळ्यात असते ती जेमतेम अर्धा-पाऊण तास. पण पुढे समाधान मिळणार की हळहळ, हे त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत ठरतं. म्हणून आधीच्या तयारीवर मी जास्त लिहिणार आहे.

काही करायची गरज आहे का?

थायरॉइडच्या गाठी फार लोकांना असतात, विशेषतः बायकांना आणि वय वाढेल तसतशा. त्यांतल्या बहुतेक साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात. इटलीत 992 रुग्णांच्या साध्या गाठींवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण 15 टक्के लोकांच्या गाठी वाढल्या, 18 टक्क्यांच्या आपोआप लहान झाल्या, आणि मूळ गाठींपैकी फक्त 0.3 टक्के गाठींत कॅन्सर सापडला. म्हणजे तपासून साधी ठरलेली, त्रास न देणारी गाठ तशीच ठेवून वर्ष-दोन वर्षांनी सोनोग्राफी करत राहणं हा हलगर्जीपणा नाही. बहुतेकांसाठी तोच योग्य उपाय आहे.

उपचाराचा विचार करायचा तो तीन कारणांनी. एक, दाब: घास अडकल्यासारखा वाटणं, आडवं पडल्यावर गळा आवळल्यासारखं होणं, सतत खाकरावंसं वाटणं. दोन, गाठ बाहेरून दिसणं. आई वर्षभर पदर गळ्याशी ओढून बसायची. हे कारण किरकोळ आहे असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका. मार्गदर्शक तत्त्वांतही ते कारण धरलेलं आहे. तीन, गाठ स्वतःच जास्तीचं हार्मोन तयार करत असणं.

थकवा, केस गळणं, वजन वाढणं यांसाठी मात्र गाठ जाळून घेऊ नका. हे त्रास हार्मोनच्या प्रमाणाशी निगडित असतात. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ठीक असेल, तर गाठ गेल्यावरही ते तसेच राहतील. आणि गाठ विरघळावी म्हणून थायरॉइडच्या गोळ्या देण्याची जुनी पद्धत आता सांगितली जात नाही. आयोडीनचं मीठ वाढवून, लेप लावून किंवा मालिश करूनही ती जात नाही.

रिपोर्टांचा क्रम

पहिली तपासणी रक्तातल्या टीएसएचची. ते कमी आलं, तर गाठ हार्मोन जास्त बनवत असण्याची शक्यता असते, आणि मग थायरॉइडचा स्कॅन लागतो. अशा ‘गरम’ गाठींना रेडिओआयोडीनचं औषध हा अनेक दशकांचा पक्का उपचार आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून थायरॉइडच्या याच प्रकारच्या तपासण्या आणि उपचार करत आलं आहे. गरम गाठ सुईने जाळता येते, पण मोठी असेल तर हार्मोन पूर्ण ताळ्यावर येईलच असं नाही. म्हणून टीएसएच कमी असेल तर सुईवाल्या डॉक्टरांच्या आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांना भेटा.

दुसरी सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये नुसतं ‘उजव्या बाजूला 4 सेंमीची गाठ’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो अपुरा आहे. लांबी, रुंदी आणि खोली अशी तिन्ही मापं हवीत. गाठ भरीव किती आणि पाण्याची किती, ती श्वासनलिकेला चिकटून आहे का, मागच्या बाजूला किती सरकली आहे, छातीच्या हाडाखाली उतरली आहे का, आजूबाजूच्या लसिकाग्रंथी कशा आहेत, आणि टाय-रॅड्स श्रेणी, म्हणजे गाठ दिसायला किती संशयास्पद आहे हे सांगणारा आकडा, कोणती, हेही हवं. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने 2017 मध्ये आणलेल्या या पद्धतीत 1 ते 5 अशा श्रेणी आहेत. श्रेणी 3 ची गाठ 2.5 सेंमीपासून, 4 ची 1.5 सेंमीपासून आणि 5 ची 1 सेंमीपासून सुईने तपासायची असते.

तिसरी तपासणी बारीक सुईची, म्हणजे एफएनएसी: सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढून तपासतात. ‘सुई लावली की गाठ चिडते’ ही भीती आमच्याही घरात होती. थायरॉइडच्या बाबतीत या तपासणीने रोग पसरणं अत्यंत विरळ आहे, आणि ती न करता पुढे जाणं ही खरी जोखीम आहे. रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने, 1 ते 6 अशा गटांत येतो. तुम्हांला हवा तो गट 2, म्हणजे साधी गाठ. गट 1 म्हणजे पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत. ‘काही सापडलं नाही’ असा अर्थ त्यातून काढू नका, तपासणी पुन्हा करावी लागते.

जाळण्याआधी गट 2 असा निकाल दोनदा यायला हवा, असं कोरियातल्या थायरॉइड रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेचं म्हणणं आहे. पूर्णपणे पाण्याची गाठ, स्पंजासारखी दिसणारी गाठ किंवा गरम गाठ असेल तर एकदा पुरतं. आई कुरकुरली, दुसऱ्यांदा कशाला टोचून घ्यायचं म्हणून. तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं उत्तर मी वहीत अधोरेखित करून ठेवलं आहे: ऑपरेशनमध्ये काढलेली अख्खी गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जाते आणि काही राहून गेलं असेल तर तिथे पकडलं जातं, जाळलेल्या गाठीचा तुकडाही कुणाकडे जात नाही. खात्री करायची संधी फक्त आधी असते.

याच कारणाने गट 3 किंवा 4, म्हणजे साधी की कॅन्सरची हे नक्की न सांगणारा निकाल आला, तर सुईच्या उपचाराची घाई करू नका. फॉलिक्युलर प्रकारची गाठ साधी आहे की नाही, हे तिच्या आवरणात पेशी घुसल्या आहेत का यावर ठरतं, आणि ते बारीक सुईला दिसत नाही.

अजून एक तपासणी, जी आमची राहून जाणार होती: नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू बघून घेणं. एका बाजूचा स्वरतंतू आधीच लुळा असेल आणि उपचारात दुसऱ्या बाजूच्या नसेला इजा झाली, तर प्रश्न आवाजापुरता न राहता श्वासापर्यंत जातो. दोन मिनिटांची तपासणी आहे, टाळू नका.

घरी करायचं गणित

गाठ किती लहान झाली हे सेंमीत मोजत नाहीत, घनफळात मोजतात. तिन्ही मापांचा गुणाकार करा आणि त्याला 0.524 ने गुणा. आईची गाठ 4 × 3 × 2.5 सेंमी होती. गुणाकार 30, म्हणजे घनफळ सुमारे 15.7 मिली.

वर्षभरात घनफळ निम्म्याहून कमी झालं, तर उपचार यशस्वी मानतात. इथे अनेकांचा गैरसमज होतो. घनफळ निम्मं झालं म्हणजे 4 सेंमीची गाठ 2 सेंमीची होत नाही, साधारण 3.2 सेंमीची होते. 80 टक्के घटली तरी 2.3 सेंमी उरते. दाब कमी व्हायला आणि गळा सपाट दिसायला हे बहुधा पुरतं, पण ‘गाठ गायब होईल’ असं कुणी सांगितलं तर तो शब्द खरा नाही. हे गणित आईला आधीच कागदावर मांडून दाखवलं, त्यामुळे पहिल्या महिन्यात गाठ हाताला तशीच लागली तेव्हा ती घाबरली नाही.

कोणत्या गाठीला कोणती पद्धत

गाठीत जवळजवळ सगळं पाणीच असेल, तर आधी ते सुईने काढून आत अल्कोहोल सोडतात. नुसतं पाणी काढलं तर ते बऱ्याचदा पुन्हा भरतं. अल्कोहोलने आतलं अस्तर मरतं. ही पद्धत स्वस्त आहे आणि पाण्याच्या गाठींसाठी तीच पहिली निवड आहे. पाण्याच्या गाठीसाठी कुणी थेट महागडी पद्धत सुचवली, तर अल्कोहोल का नको, हे विचारा.

भरीव गाठीसाठी सगळ्यांत जास्त अनुभव जमा झाला आहे तो रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशनचा, म्हणजे आरएफएचा. सुईच्या टोकातून उच्च वारंवारतेची वीज जाते, आसपासच्या पेशींमधले आयन वेगाने थरथरतात आणि त्या घर्षणाने उष्णता तयार होते. पेशी जागच्या जागी मरतात, आणि मेलेला भाग शरीर पुढचे अनेक महिने हळूहळू शोषून घेतं. ही पद्धत घडवली ती मुख्यतः दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी; तिथली मार्गदर्शक तत्त्वं 2012 मध्ये आली, 2017 मध्ये सुधारली गेली. युरोपातल्या थायरॉइड संघटनेनं 2020 मध्ये आपली काढली. इटलीत लेझरची परंपरा आहे, चीनमध्ये मायक्रोवेव्ह जास्त वापरतात. सुई न टोचता बाहेरून ध्वनिलहरी एकवटून जाळण्याचीही पद्धत आहे.

ऑपरेशनच बरं, असे प्रसंगही आहेत. संशयास्पद रिपोर्ट, छातीत उतरलेली गाठ, दोन्ही बाजूंना भरमसाट गाठी, श्वासनलिका फार दाबली गेलेली असणं. ऑपरेशनने प्रश्न एकदाचा मिटतो आणि निदान पक्कं होतं. त्याची किंमत म्हणजे व्रण, पूर्ण भूल, आणि हार्मोनची गोळी: अर्धी ग्रंथी काढल्यावर साधारण पाचांत एकाला, पूर्ण काढल्यावर सगळ्यांना जन्मभर. आरएफएनंतर उरलेली ग्रंथी काम करत राहते, त्यामुळे गोळी क्वचितच लागते. आईचा कौल याच मुद्द्यावर पडला.

डॉक्टर निवडताना

हा उपचार इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे सोनोग्राफीसारख्या चित्रांवर बघत सुईने उपचार करणारे डॉक्टर, करतात, काही ठिकाणी सर्जन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टही. पदवीपेक्षा हात महत्त्वाचा. यकृताची गाठ जाळण्याचा अनुभव थायरॉइडला तसाच्या तसा लागू होत नाही, कारण इथे काही मिलिमीटरवर आवाजाची नस, श्वासनलिका आणि मानेची मोठी रक्तवाहिनी असते. म्हणून सरळ विचारा: तुम्ही थायरॉइडच्या किती गाठी जाळल्या आहेत? किती जणांचा आवाज बिघडला? माझ्या गाठीचा कोणता भाग जाळता येणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर सोनोग्राफीचा पडदा दाखवून देणारे डॉक्टर मिळाले, की आम्ही पुढे शोधलं नाही.

खर्चात मोठा वाटा एकदाच वापरायच्या इलेक्ट्रोडचा, म्हणजे जाळणाऱ्या सुईचा असतो. अंदाजपत्रकात तो वेगळा लिहून घ्या. मेडिक्लेम असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाबाची लक्षणं आणि गाठीचं घनफळ नमूद करून घ्या आणि मंजुरी आधीच लेखी मिळवा. ‘दिसण्यासाठी केलेला उपचार’ म्हणून दावा अडकू शकतो.

आदल्या आठवड्यात

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं नाव डॉक्टरांना सांगा, अगदी रोजची ॲस्पिरिनसुद्धा. त्या किती दिवस थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःहून गोळी बंद करणं गाठीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. उपाशीपोटी किती वेळ राहायचं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात. त्या दिवशी पुढून उघडणारा सैल कपडा घाला, मंगळसूत्र आणि कानातलं घरी काढून ठेवा. आणि आदल्या दिवशी गळ्याचा समोरून आणि बाजूने फोटो काढून ठेवा. बदल इतका हळू होतो की वर्षभराने आरशाला विचारून उपयोग नसतो.

त्या दिवशी

आईला उताणं झोपवून खांद्याखाली उशी दिली, म्हणजे मान मागे जाते. दोन्ही मांड्यांवर मोठे चिकट पॅड लावले. वीज शरीरातून परत जाण्याचा तो मार्ग. पूर्ण भूल देत नाहीत आणि ते मुद्दाम. डॉक्टर मधूनमधून बोलायला लावतात, आवाज तपासतात. आईला नातवंडांची नावं विचारत होते.

गाठीच्या आत फारशा संवेदना नसतात, दुखतं ते ग्रंथीच्या आवरणाला. म्हणून बधिर करायचं औषध आवरणाभोवती सोडतात. मग सुई गळ्याच्या मधोमधून, ग्रंथीच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्टीतून गाठीत जाते. वाट थोडी लांबची, पण त्यामुळे अख्खी सुई पडद्यावर दिसते आणि गरम द्रव बाहेर झिरपत नाही.

सुई एका जागी रोवून ठेवत नाहीत. गाठीचे मनातल्या मनात छोटे-छोटे तुकडे पाडून, सगळ्यांत खोल भागापासून वरच्या भागाकडे, टोक सतत सरकवत जाळत येतात. जळलेला भाग पडद्यावर पांढऱ्या बुडबुड्यांसारखा दिसतो. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खोबणीजवळ, जिथून आवाजाची नस जाते, तिथला कोपरा सोडून देतात किंवा मध्ये थंड ग्लुकोजचं पाणी सोडून नस दूर ढकलतात.

काय जाणवतं? गळ्यात ऊब आणि दाब, आणि कधी जबड्यात, कानात, दातांत किंवा खांद्यात कळ. वीज थांबवली की ती बहुधा ओसरते. तेव्हा सहन करत पडून राहू नका. हात हलवू नका, गिळू नका, पण तोंडाने लगेच सांगा. कळ हीच डॉक्टरांना मिळणारी सूचना असते. आमच्या आईसारख्या ‘नाही हो, काही दुखत नाही’ म्हणणाऱ्या पिढीला हे आदल्या दिवशी बजावून ठेवावं लागतं.

घरी आल्यावर

काही तास देखरेखीखाली ठेवून बहुतेकांना त्याच दिवशी सोडतात. गळा एक-दोन दिवस सुजल्यासारखा, कडक लागतो. थंड शेक आणि साधी वेदनाशामक गोळी पुरते. थोडे दिवस जड उचलू नका.

धोके कमी आहेत, पण आहेत. कोरियातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून 1459 रुग्णांचा आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 48 जणांना काही ना काही गुंतागुंत झाली, त्यांपैकी 20 जणांची गंभीर स्वरूपाची. आवाज बसणं ही त्यांतली सगळ्यांत महत्त्वाची. बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो.

या वेळी मात्र सकाळची वाट बघायची नाही: गळा झपाट्याने फुगत असेल, श्वासाला त्रास होत असेल, आवाज घोगरा झाला असेल, ताप आणि लाली असेल. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. सगळं ठीक चाललेलं असताना दोन-चार आठवड्यांनी गाठीच्या जागी अचानक दुखून फुगवटा आला, तर जळलेल्या गाठीचं आवरण फाटलेलं असू शकतं. बरेचदा ते औषधांवर निभावतं, पण डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायला हवं.

पुढची वर्षं

सोनोग्राफी साधारण एक ते तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. शक्यतो एकाच ठिकाणी, आणि प्रत्येक वेळी तीन मापं. आईचं घनफळ सहा महिन्यांनी 6.2 मिली झालं आणि वर्षाने 4.1, म्हणजे साधारण 74 टक्के घट. गाठ मोठी असेल तर दुसऱ्यांदा जाळावं लागू शकतं. न जळलेल्या कडेपासून दोन-तीन वर्षांनी गाठ पुन्हा वाढायला लागण्याचीही उदाहरणं आहेत; म्हणूनच वर्षाची सोनोग्राफी चुकवायची नाही.

आमची एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षी गावाला असताना आईची सोनोग्राफी जवळच्या एका केंद्रात केली आणि जुनी फाइल नेली नाही. जळलेली गाठ पडद्यावर काळपट, ओबडधोबड दिसते, म्हणजे जवळपास वाईट गाठीसारखीच. रिपोर्टवर ‘संशयास्पद, सुईची तपासणी करावी’ असं आलं आणि घराने आठ दिवस काढले ते न बोलण्यासारखे. त्यांचा दोष नव्हता, त्यांना आधीचं काही माहीतच नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी जुनी चित्रं शेजारी ठेवून पाहिली, गाठ वाढलेली नाही हे दाखवलं आणि विषय मिटला.

तेव्हापासून फाइलच्या आतल्या बाजूला बेथेस्डाचे दोन्ही रिपोर्ट, उपचाराआधीची सोनोग्राफीची चित्रं आणि घनफळांचा तक्ता आहे, आणि वरच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला कागद: ‘थायरॉइडच्या उजव्या भागातल्या साध्या गाठीवर आरएफए झालेलं आहे. आधी दोन वेळा बेथेस्डा 2. कृपया जुनी चित्रं पाहून मगच रिपोर्ट लिहावा.’ त्याखाली उपचाराची तारीख आणि डॉक्टरांचा फोन. त्याच कागदाचा फोटो आईच्या, माझ्या आणि भावाच्या मोबाइलमध्ये आहे.